लपायची जागा

४ नोव्हेंबर

ताई,

इथे पत्र लिहायला कागद मागून घ्यावा लागतो आणि पाकीट उघडंच द्यावं लागतं. पत्रं तपासणारे एक साहेब आहेत. आधी ते वाचतात, मग तू. त्यामुळे नाजूक काही लिहू नकोस, असं सगळे बजावतात. उंदराबद्दल लिहिलेलं चालत असेल, असं धरून चाललोय.

हो, उंदीर. तोंड वाकडं करू नकोस, मला इथून दिसतंय. माझा जोडीदार मेकॅनिक उन्हाळ्यापासून मॅडमला सांभाळत होता, पण आता त्याची दुसऱ्या गावी बदली झाली. तो पुढच्या आठवड्यात पिंजरा तुझ्या दारात आणून ठेवेल. भाऊजींना मी निरोप दिलाय, ते हो म्हणाले. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, म्हणून आधी त्यांना विचारलं. ही माझी जुनी खोड तुला माहीत आहे.

मॅडम गटारातली नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पाळीव आहे, पांढरी, पाठीवर करडा पट्टा. मी एका इमारतीत लिफ्टचं काम करत होतो तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचं बिऱ्हाड घर सोडून गेलं आणि हिला जिन्यात ठेवून गेलं. मी घरी आणली. नाव मॅडम, कारण खायला द्यायला उशीर झाला की बघण्याची जी तऱ्हा आहे ना, तू समोरासमोरच बघ.

आता काम सांगतो. पिंजरा आहे, पण पिंजरा म्हणजे काही घर नव्हे. आत एक लपायची जागा लागते. पुठ्ठ्याचं खोकं चालेल. फार मोठं नको, तिच्या अंगाला भिंती लागल्या पाहिजेत. अंधार हवा, आत मऊ कापड हवं. दारं मात्र दोन हवीत. एकच दार असलं की जनावराला वाटतं आपण अडकलो, आणि मग ते तिथे झोपत नाही, नुसतं बसून राहतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ती आत असताना हात घालायचा नाही. कितीही लाड आले तरी नाही. तिला वाटलं की ती येईल बाहेर. खूष असली की दात हळूच एकमेकांवर घासते, करकर आवाज येतो. तो आवाज आला की समजायचं, घर पसंत आहे.

इथे आमची दिवसातून दोनदा झडती होते. उशीखाली, गादीखाली, खिशात, सगळीकडे हात. तक्रार नाही. ज्या माणसाला मी फोनवर "उद्या येतो" म्हणालो आणि ज्याने त्याच दिवशी लिफ्टचं दार ओढलं, ते उघडलं आणि आत लिफ्टच नव्हती, तो आता कधी पायावर उभा राहणार नाही. मी इथे आहे ते बरोबर आहे. फक्त हात घालण्यावरून आठवलं म्हणून लिहिलं.

निकालाच्या दिवशी तू शेवटच्या बाकावर काळा गॉगल लावून बसली होतीस. अगं, चष्म्याच्या दुकानात काम करतेस आणि तुला एवढंही कळू नये, की कोर्टात गॉगल लावलेल्या बाईकडेच सगळे वळून बघतात? मला हसू आलं. त्या दिवशी तेवढंच हसलो.

तुझा,
ठोंब्या


१५ नोव्हेंबर

ठोंब्या,

तुझ्या मॅडम आल्या. दार उघडलं तर तुझा जोडीदार पिंजरा पुढे करून उभा, आणि नेमकी त्याच वेळी समोरची वहिनी जिन्यावरून वर येत होती. मी पिंजरा असा काही आत ओढला की पाण्याची वाटी माझ्या साडीवर उपडी झाली. पहिले दोन दिवस मी पिंजऱ्याजवळ गेले नाही. ह्यांनीच काकडी घातली. तिसऱ्या दिवशी मी दुकानातून आले तर बाईसाहेब गजांना दोन्ही हात लावून उभ्या. तू म्हणतोस ती नजर बघितली. आपली आई तू परीक्षेत नापास झालास तेव्हा अशीच बघायची.

सासूबाईंना सांगितलं की दुकानातल्या मुलीचा उंदीर आहे, ती परगावी गेली आहे. रागावू नकोस. तुझा म्हटलं असतं तर तू कुठे आहेस, तुझं तू का सांभाळत नाहीस, सगळं निघालं असतं. तू जहाजावर कामाला लागलास असं मी त्यांना उन्हाळ्यातच सांगून ठेवलंय. त्या वेळी तोंडाला येईल ते बोलले. जहाज का म्हणाले, देव जाणे. लांब असतं आणि फोन लागत नाही, एवढंच डोक्यात होतं.

तुझ्या सांगण्याप्रमाणे घर केलं. फ्रेमा येतात ते खोकं मालकांकडून मागून आणलं. भिंगं गुंडाळायचा पातळ कागद फाडून त्याच्या पट्ट्या केल्या. आत तुझा निळा स्वेटर घातला. तुझी खोली रिकामी केली तेव्हा ह्यांनी तुझे कपडे आणले होते, ते मी नीट घड्या करून ट्रंकेत ठेवलेत, त्यातला. दारंसुद्धा दोन कापली, एक जरा वाकडंच झालं. पिंजरा मागच्या बाल्कनीत ठेवलाय, वॉशिंग मशीनच्या मागे, वरून चादर टाकली आहे. तर अशी तुझ्या मॅडमची लपवायची जागा झाली एकदाची तयार. कौतुक कर.

आता माझी दोन कामं. एक, पत्र घरी पाठवू नकोस. पाकिटावर तिथला शिक्का असतो. पोस्टमन ते समोरच्यांच्या हातातसुद्धा देऊन जातो. दुकानाच्या पत्त्यावर पाठव, टपाल मीच उघडते. दोन, सासूबाई रोज विचारतात, जहाजावरून तुझं काही आलं का. एका वेगळ्या कागदावर जहाजाबद्दल चार ओळी लिहून पाठव, म्हणजे वाचून दाखवता येतील. चार ओळीच. उगाच मासे-बिसे पकडू नकोस.

तब्येतीला जप.

ताई


२७ नोव्हेंबर

ताई,

सोबत जहाज पाठवतोय.

तपासणाऱ्या साहेबांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, "काय रे, तू कधी जहाजावर होतास?" मी म्हणालो, नाही साहेब, हे बहिणीच्या सासूबाईंना वाचून दाखवायचं आहे. त्यांनी कागद पुन्हा वाचला. मग म्हणाले, "जहाजाला मजले नसतात, डेक म्हणतात," आणि स्वतःच्या पेनाने दुरुस्त करून दिलं. बघ, एका ठिकाणी शाई वेगळी आहे. माझी मान खाली गेली ती वर करवेना. आयुष्यात कामात हलगर्जी केली, पण खोटं कधी लिहून दिलं नव्हतं. तेही आता एका माणसाने शुद्ध करून दिलं.

घर छान केलंस. निळ्या स्वेटरचं वाचून बरं वाटलं. त्याच्या बाहीत शिरून ती झोपायची. कोपरापर्यंत जायची आणि तिथेच उलटी फिरून तोंड बाहेर काढायची.

पण ताई, मी "लपायची जागा" लिहिलं होतं. तू "लपवायची" लिहिलंस. मी ते दोनदा वाचलं. एका अक्षराने काय होतं म्हणशील. लपायची जागा तिची असते. लपवायची आपली. मशीन चालू झालं की तिथे केवढा आवाज होत असेल. चादर टाकलीस तर तिला दिवस कळतो का? तुझ्या घरात ती आहे हेच माझ्यावर उपकार आहेत, तेव्हा जास्त बोलत नाही. जमलं तर आतल्या खोलीत एखादा कोपरा बघ.

जाता जाता सांगतो. जानेवारीच्या शेवटी ज्यांची वागणूक बरी असते त्यांना चार दिवस घरी सोडतात. जवळचं माणूस येऊन नाव-पत्ता देऊन जातं, मग सोडतात. माझ्या खोलीतले दोघे जाणार आहेत. मी इथेच बरा आहे. तुला माहीत असावं म्हणून लिहिलं.

ठोंब्या

*(वाचून दाखवायचा कागद)*

काकूंना नमस्कार. मी मजेत आहे. जहाज मोठं आहे, पण आमची खोली लहान आहे. चौघे राहतो. खिडकी उंच आहे, त्यातून आकाशाचा तुकडा दिसतो, पाणी दिसत नाही. सकाळी घंटा होते, मग सगळ्यांना वरच्या डेकवर रांगेत उभं करून मोजतात, कोणी पाण्यात पडलं तर नाही ना, म्हणून. जेवण वेळेवर मिळतं. माझ्याकडे पंख्यांची आणि दारांच्या बिजागऱ्यांची दुरुस्ती दिली आहे. इथली दारं फार जड असतात. मी प्रत्येक दार दोनदा तपासतो. गुडघ्याला तेल लावत जा. जहाज किनाऱ्याला कधी लागेल, ते कप्तान सांगेल तेव्हा.


२० डिसेंबर

ठोंब्या,

उशीर झाला. दुकानात वर्षअखेरीची गडबड आहे.

जहाजाचं पत्र सासूबाईंना फार आवडलं. दोनदा वाचायला लावलं. म्हणाल्या, "बिचाऱ्याला खिडकीतून पाणीसुद्धा दिसत नाही." मी स्वयंपाकघरात गेले.

मॅडम ठीक आहेत. खातात. हल्ली जरा कमी खातात. थोड्या शिंकतात, थंडी पडली आहे ना. घरात सारखी ये-जा आहे, ह्यांच्या चुलत बहिणीचं लग्न ठरलंय, त्यामुळे जानेवारीचा अख्खा महिना पाहुणे असतील. तेव्हा कोपऱ्याचं वगैरे बघू नंतर.

बाकी सगळं छान. तूही काळजी घे.

ताई


२७ डिसेंबर

ताई,

शिंकते म्हणजे कशी? अधूनमधून, की एकामागून एक? श्वास घेताना बाजू आत ओढल्या जातात का? डोळ्यांच्या कडेला, नाकाला लाल काही दिसतं का? ते रक्त नसतं, घाबरू नकोस, पण ते दिसलं की समजायचं जनावर हैराण आहे.

आणि एक विचारतो. तू लिहिलं होतंस, स्वेटर ट्रंकेतला. ट्रंकेत कपड्यांबरोबर काय टाकलं होतंस? डांबरगोळ्या? ताई, तू आईचीच लेक, ट्रंक म्हटली की डांबरगोळ्या आल्याच. त्यांचा वास माणसाच्या डोक्यात जातो, उंदराचं फुप्फुस तर पावट्याएवढं. ती त्यात तोंड खुपसून झोपते. हे पत्र हातात पडेल तेव्हा आधी तो स्वेटर बाहेर काढ. खोकंही टाकून दे, पुठ्ठ्यात वास धरून राहतो. मग तिला जनावरांच्या डॉक्टरकडे ने. भाऊजींना सुट्टी नसली तर तू ने.

चूक माझी आहे. लिहायला हवं होतं की धुतलेलं कापड घाल. "मऊ कापड" लिहून मोकळा झालो. माझ्या कामाची हीच रीत, अर्धं सांगायचं आणि निघायचं.

पत्र पोचायला किती दिवस लागतील कोण जाणे. इथून धावत येता येत नाही.

ठोंब्या


२ जानेवारी

ठोंब्या,

आधी हे वाच. मॅडम जिवंत आहे. आता बाकीचं.

तुझं पत्र दुकानात उघडलं तेव्हा समोर एक गिऱ्हाईक नंबर तपासायला बसलं होतं. मी त्यांच्या डोळ्यावरची फ्रेम तशीच ठेवून निघाले. मालक मागून हाका मारत होते.

मी तुला "थोड्या शिंकतात" लिहिलं ते खोटं होतं. दोन आठवडे ती सारखी शिंकत होती. डोळ्यांच्या कडा लाल झाल्या होत्या. मला वाटलं रक्तच आहे. पण डॉक्टरकडे न्यायचं म्हणजे पिंजरा घेऊन जिना उतरायचा, समोरच्यांनी विचारायचं, मी काहीतरी सांगायचं. मला रोज वाटायचं, आज बरी होईल.

आणखी ऐक. दोन दारांपैकी एक मी चिकटपट्टीने बंद केलं होतं. पाहुणे आले की तिला खोक्यात घालून दुसऱ्या दारावर झाकण लावायचे आणि खोकं कपड्यांच्या कपाटात ठेवायचे. ती आत खुडबुड करायची, मी बाहेर मोठमोठ्याने बोलायचे. तिला खोक्यात घालायला हात आत घालायचे ते वेगळंच. ती चावली नाही रे एकदाही. चावली असती तर बरं झालं असतं.

घरी आले तर ती त्या स्वेटरच्या बाहीत होती, तू लिहितोस तशी, तोंड बाहेर काढून. तोंड उघडं होतं, धापा टाकत होती. बाहीला नाक लावलं आणि माझ्याच डोक्यात कळ गेली. ट्रंकेत मी मूठ-मूठ गोळ्या टाकल्या होत्या. मला ते कपडे पुन्हा काढायचेच नव्हते.

तिला धुतलेल्या टॉवेलात घेतली तर सासूबाई दारात चपला घालून उभ्या. "मी येते," म्हणाल्या. नको म्हणायला वेळ नव्हता. बसमध्ये त्यांनी टॉवेल स्वतःच्या मांडीवर घेतला. गुडघेदुखीचं काही बोलल्या नाहीत.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कोणाची ही?" बाकावर कुत्री-मांजरं घेऊन माणसं बसली होती, सगळ्यांचे कान आमच्याकडे. मी म्हणाले, "दुकानातल्या एका मुलीची." त्यांनी विचारलं, हिचं वय काय, आधी कधी आजारी होती का, मुलीला फोन लावा. मी ततपप करायला लागले. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "हिच्या भावाची आहे. तो लांब असतो, फोन लागत नाही. तुम्ही औषध द्या." अगदी सहज बोलल्या. माझंच खोटं त्यांनी उचललं आणि माझ्यापेक्षा नीट वापरलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतताना मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं तिचा मालक कोण?" त्या म्हणाल्या, "तुझ्या भावाच्या खोलीत मी हिला काकडी दिली होती, तू बरोबर नव्हतीस. मागल्या वर्षी." मला हे माहीतच नव्हतं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "आणि जो तळ्यातल्या नावेत बसला तर पाच मिनिटांत माझ्या पदरावर ओकला, तो जहाजावर कसा टिकेल गं? मी वाट बघत होते तू कधी सांगतेस." मी विचारलं, पत्र ऐकत का बसलात मग. म्हणाल्या, "खुशाली तर खरी होती ना त्यात."

स्वेटर तीनदा धुतला, वास जात नाही. माफ कर असं लिहिणार होते. कशाकशाची मागू ते कळत नाही.

ताई


११ जानेवारी

ताई,

तुझं पत्र वाचून मला आधी राग आला. तो लिहितो, नाहीतर आतच राहील. माझे कपडे ट्रंकेत घालून वर मूठ-मूठ गोळ्या? मी मेलो होतो का? माणूस गेला की त्याचे कपडे असे ठेवतात. तुला मी परत यायलाच नको होतो का, एवढं एक सांग.

हे लिहून दोन दिवस ठेवलं. साहेबांना म्हणालो, आज पत्र नाही देत. आता पुढचं लिहितो, कारण तुला एकटीला खाली मान घालून बसवणं बरोबर नाही.

इथे आल्या दिवशी मला विचारलं होतं, जवळचं कोण? मी म्हणालो, कोणी नाही. बहीण? नाही. काही झालं तर कोणाला कळवायचं? कोणाला नाही. तुझ्या घरी शिक्क्याचं पाकीट जायला नको, असं मी मनाला सांगितलं, आणि ते चांगुलपणाचं वाटलं. आता वाटतं, तू मला जहाजावर पाठवलंस त्याच्या आधीच मी तुला नाहीशी करून टाकली होती. तू तरी मला जिवंत ठेवलंस, समुद्रात का असेना. चौघांतले तिघे मला अनाथ समजतात. तुझी पत्रं येतात तेव्हा मी सांगतो, ओळखीच्या बाई आहेत, माझा उंदीर सांभाळतात.

म्हणून त्या सुट्टीचं "मी इथेच बरा" लिहिलं. बरा नाही. पण बाहेर आलो तर कुठे बघायचं ते मला कळत नाही. भाऊजींसमोर, काकूंसमोर कसा उभा राहू? काकूंनी मला ओकताना पाठीवरून हात फिरवला होता. त्याच काकूंना मी गुडघ्याला तेल लावा म्हणून जहाजावरून सल्ला दिला. ते आठवलं की कान गरम होतात.

मॅडम खाते का? तेवढं एका ओळीत कळव.

ठोंब्या


१९ जानेवारी

ठोंब्या,

खाते. काल वाटाणे सोलून दिले तर सालं माझ्याकडे परत फेकली. श्वासाला अजून घरघर आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ती थोडी राहीलच, फुप्फुस पहिल्यासारखं व्हायचं नाही. ते माझ्या हातून झालंय आणि ते तसंच राहणार.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते. हो, ट्रंक बंद करताना मला वाटलं होतं की तू परत आला नाहीस तर सोपं होईल. एक क्षण वाटलं. नंतर कुलूप लावलं. उन्हाळ्यापासून त्या क्षणाचं तोंड मला बघवत नाही. आता तू विचारलंस म्हणून सांगितलं.

सोमवारी मी तिथे आले होते. तुला भेटायला नाही, तो भेटीचा वार नव्हता. रांगेत उभी राहिले तेव्हाही गॉगल लावून होते, हेही सांगून टाकते. आत बायकांची रांग. माझ्या पुढची बाई सारखी पदर तोंडावर ओढत होती, डोळ्यावर मोठा काळा गॉगल. फ्रेम बघितली आणि ओळखली. आमच्या दुकानातली. ओशाळं तोंड करून, "चेहरा झाकेल असा द्या," म्हणत तिने मागच्या महिन्यात घेतली होती आणि मीच तिला आरशासमोर उभं करून "छान दिसतो" म्हणाले होते. तिनेही मला ओळखलं. मग मी माझा काढला आणि पर्समध्ये ठेवला. तिने नाही काढला. पण थोडी बाजूला सरकली आणि मला भिंतीला टेकायला जागा दिली.

खिडकीवरच्या माणसाने कागद बघून म्हटलं, "ह्याला तर कोणीच नाही. तुम्ही त्याच्या कोण?" मोठ्याने विचारलं, अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं. मी म्हणाले, "सख्खी बहीण." त्याला ऐकू गेलं नाही. पुन्हा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा जरा जास्तच जोरात आलं, मागच्या बायका दचकल्या. नाव लिहिलं, पत्ता लिहिला, घरचा. सही केली तिथे तुझे तपासणारे साहेब आले बहुतेक. चष्मेवाले, टक्कल, बरोबर? म्हणाले, "उंदीर कसा आहे?" मी रडलेच मग. नंतर बघितलं तर त्यांच्या चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली. दुकानात या म्हटलं, बदलून देते.

शेवटच्या आठवड्यात सोडणार आहेत. लग्नाचे पाहुणे घरात असतील, त्यांना मी तुझं सांगितलंय. एक पाहुण्या बाई उठून दुसऱ्या खोलीत गेल्या. बाकीचे चहा पीत राहिले. समोरच्या वहिनीलाही जिन्यात गाठून सांगितलं. ती म्हणाली, "अय्या, मला वाटलं तो जहाजावर असतो." म्हणजे बघ, आपली थाप कुठवर गेली होती.

मॅडमचा पिंजरा आतल्या खोलीत आणलाय, खिडकीजवळ. खोकं नवीन केलं. ह्यांचा जुना बनियन धुऊन आत घातला. दोन्ही दारं उघडी असतात. आत हात घालत नाही. परवा मी जमिनीवर बसून चष्मे पुसत होते, तर आतून करकर आवाज आला. आधी वाटलं पुन्हा धाप लागली. मग कळलं, दात घासतेय. मी तशीच बसून राहिले, सासूबाईंना खुणेने बोलावलं, त्याही येऊन बसल्या.

तुझी खाट त्याच खोलीत घातली आहे. त्या खोलीलाही दोन दारं आहेत, एक मागच्या जिन्यात उघडतं, एक हॉलमध्ये. मागच्याला कपाट लावून टाकणार होतो, पण राहू दिलं. तुला अडकल्यासारखं वाटायला नको. चारही दिवस आत बसून राहिलास तरी चालेल. ताट दारात ठेवू. कोणी हाका मारणार नाही, कोणी उशीखाली हात घालणार नाही. तुला वाटलं की तू ये बाहेर.

फक्त येताना मागच्या जिन्याने येऊ नकोस. पुढच्या दाराने ये. मी उघडीन.

ताई